रकान्यातलं ‘होय’

गेल्या वर्षी पाण्याच्या एका अभ्यासासाठी आमच्या तालुक्यातल्या सगळ्या गावांची यादी माझ्याकडे आली. मी पुण्यात नकाशांचं काम करतो, जीआयएस म्हणतात ते. विहिरी किती, शाळा कितवीपर्यंत, आरोग्य उपकेंद्र कुठे, अशा याद्या माझ्यासमोर रोजच असतात. या यादीत एक रकाना इंटरनेटचा होता. सवयीने मी आधी आमच्या गावाची ओळ शोधली. ‘ऑप्टिकल फायबर जोडणी : होय.’

मी तिथेच थांबलो, कारण आदल्याच रविवारी आत्याचा फोन आला होता. आत्या वरच्या वाडीत राहते. घरात रेंज नाही. फोन करायचा तर घरामागचा चढ चढून सड्याच्या कडेला जावं लागतं. तिथे एक सपाट कातळ आहे, त्याला वाडीत सगळे ‘फोनचा दगड’ म्हणतात. त्या दगडावरून ती सांगत होती की रेशनच्या केवायसीसाठी दोनदा खाली गावात जाऊन आले, अंगठा लावला, पण दोन्ही वेळा मशीनवरचं चाक नुसतं फिरत राहिलं. सत्तरी ओलांडलेली बाई. उतरायला तास लागतो, चढायला दीड. “आता तिसऱ्यांदा जायाचं व्हय रं बाळा?” एवढंच तिने विचारलं.

सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेला, डोंगराच्या पोटात आमचं गाव आहे. महसुली गाव एक, ग्रामपंचायत एक. पण गाव म्हणून जे काही आहे ते पाच ठिकाणी विखुरलंय. खाली ओढ्याकाठी गावठाण, त्याच्या वर दोन वाड्या, पलीकडच्या सोंडेवर धनगरवाडा आणि रस्त्याच्या वळणावर कातकऱ्यांची वस्ती. फायबरची पेटी आहे ती गावठाणात, पंचायत कार्यालयाच्या भिंतीवर. म्हणजे यादी खोटी नव्हती. गावाची जोडणी म्हणजे पंचायत कार्यालयाची जोडणी, असं धरून तो रकाना भरला होता आणि तसं शीटच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलेलंही होतं. पण तळटीप पुढच्या शीटमध्ये जात नाही. तालुक्याची यादी जिल्ह्याला जाते, जिल्ह्याची मुंबईला. वाटेत तळटीप गळते आणि ‘होय’ तेवढा पुढे सरकतो. त्या ‘होय’मध्ये आत्याही मोजली गेली होती, तिच्या दगडासकट.

हे लिहितोय म्हणून कुणी असं समजू नये की मला त्या पेटीची किंमत नाही. उलट, फार आहे. ऑक्टोबर २०११ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर नेटवर्क’ला मंजुरी दिली. देशातल्या अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत फायबर न्यायचं ठरलं. पुढे २०१५ मध्ये त्याचं नाव ‘भारतनेट’ झालं. पैसा आला दूरसंचार कंपन्यांच्या महसुलावर लावलेल्या ५ टक्के आकारणीतून जमणाऱ्या निधीतून, ज्याला आता ‘डिजिटल भारत निधी’ म्हणतात. साठ घरांच्या वाडीसाठी कुठलीही खासगी कंपनी डोंगरात चर खणायला येणार नाही. हे सरकारनेच करायचं काम आहे आणि ते हाती घेतलं हे फार चांगलं झालं. पहिल्या टप्प्यातल्या एक लाख ग्रामपंचायतींचं काम डिसेंबर २०१७ मध्ये पूर्ण झालं. दुसऱ्या टप्प्यात महाराष्ट्रासह काही राज्यांनी काम स्वतःकडे घेतलं, आपल्याकडे ते ‘महानेट’ म्हणून झालं.

ऑगस्ट २०२३ मध्ये योजनेची नवी आवृत्ती मंजूर झाली, १,३९,५७९ कोटी रुपयांची. तिच्यात दोन गोष्टी मला फार महत्त्वाच्या वाटतात. पहिली म्हणजे तालुक्यापासून पंचायतींपर्यंतची वायर आता वर्तुळात फिरवायची. आधी ती माळेसारखी एकापुढे एक जात असे, त्यामुळे मध्ये कुठे तुटली की पुढच्या सगळ्या पंचायती एकदम बंद पडत. वर्तुळात एका बाजूने तुटली तर दुसऱ्या बाजूने चालू राहते. दुसरी गोष्ट अशी की ग्रामपंचायतीचं ठिकाण सोडून उरलेल्या गावांनाही ‘मागणीनुसार’ जोडणी द्यायची. हे वाचून मला आनंद झाला आणि लगेच तो रकाना आठवला. मागणी नोंदवायची तर कुठल्या तरी कागदावर आधी ‘नाही’ लिहिलेलं असावं लागतं. आमच्या वरच्या वाडीचं नावच कुठल्या यादीत स्वतंत्र नाही. ती गावाच्या ‘होय’च्या पोटात आहे.

हा घोळ फक्त आपल्याकडचाच असेल असं मला वाटायचं. माझी मामेबहीण अमेरिकेत व्हर्जिनियात राहते, शहरापासून लांब, शेतांच्या मधे. तिच्याशी बोलताना कळलं की तिथे अनेक वर्षं हिशोब असाच होता. जनगणनेचा जो सर्वात लहान तुकडा असतो, त्यातल्या एका घराला जरी कंपनी इंटरनेट देऊ शकत असेल तरी तो अख्खा तुकडा ‘सेवा आहे’ असा धरला जाई. शहरात असा तुकडा म्हणजे एक गल्ली, पण खेड्यात तो मैलोनमैल पसरलेला. शेवटी २०२० मध्ये तिथल्या संसदेने कायदाच केला की नकाशा घरागणिक बनवा. त्यानुसार नोव्हेंबर २०२२ मध्ये नवा नकाशा लोकांसमोर आला. त्यावर आपलं घर शोधायचं आणि नोंद चुकीची असेल तर तिथेच हरकत घ्यायची. बहिणीच्या घरावर ‘जलद सेवा उपलब्ध’ असं दिसत होतं. प्रत्यक्षात त्या कंपनीने तिला दोनदा नकार दिला होता. तिने नकाराचा मेल जोडून हरकत घेतली आणि काही महिन्यांनी नोंद बदलली. पुढे ४२.४५ अब्ज डॉलरचा निधी राज्यांना वाटला गेला तो याच नकाशातल्या सेवा नसलेल्या घरांच्या हिशोबाने. त्यामुळे तिच्या एका हरकतीला वजन होतं. त्यांच्याकडेही विस्कळीतपणा काही कमी नव्हता. इंटरनेटसाठी १५ सरकारी खात्यांत मिळून १०० हून अधिक योजना आहेत आणि त्यांचा एकमेकींशी मेळ नाही, असं तिथल्या सरकारी लेखापरीक्षण कार्यालयाने २०२२ मध्ये लिहून ठेवलंय.

बहीण सहज म्हणाली, “दादा, मला त्या नकाशाचं कौतुक एवढ्याचसाठी की त्यानं मला विचारलं.” ते वाक्य माझ्या मनातून गेलं नाही.

आपल्याला कोण विचारतं? आपली शेवटची जनगणना २०११ ची. तेव्हा देशातल्या ग्रामीण घरांपैकी इंटरनेटसह संगणक असलेली घरं १०० मध्ये एकसुद्धा नव्हती, ०.७ टक्के होती. पुढच्या जनगणनेसाठी जानेवारी २०२० मध्ये ठरलेल्या ३१ प्रश्नांत ‘घरात इंटरनेट आहे का’ हा प्रश्न आला होता. मग कोविड आला आणि जनगणना पुढे गेली. त्याच काळात इंटरनेट हे शाळेचं, रेशनचं, पेन्शनचं, पीक पाहणीचं दार झालं. ज्या वर्षांत मोजायला हवं होतं नेमकी तीच वर्षं मोजणीतून निसटली.

नावांचं वेगळंच दुखणं आहे. माझ्या कामाचा निम्मा वेळ नावं जुळवण्यात जातो. वडगाव किती आहेत महाराष्ट्रात! वडगाव बुद्रुक, वडगाव खुर्द, वडगाव मावळ, वडगाव शेरी. मराठीत निदान लिहिण्याची पद्धत एक असते, पण संगणकासाठी रोमन लिपीत नेलं की एक खातं ‘व’साठी व्ही लावतं, दुसरं डब्ल्यू. ‘गाव’चं कुठे ‘गांव’ होतं, कुठे ‘गाओन’. बुद्रुक आणि खुर्दचे ‘बु.’ आणि ‘खु.’ एखाद्या शीटमध्ये सरळ गाळलेले असतात. मग बुद्रुकची वायर खुर्दच्या नावावर चढते. खरं तर यावर उपाय कधीचाच आहे. पंचायत राज मंत्रालयाच्या निर्देशिकेत प्रत्येक गावाला स्वतःचा क्रमांक दिलेला आहे, एलजीडी कोड म्हणतात त्याला. शाळेची यादी असो, रेशनची असो की फायबरची, प्रत्येक खात्याने नावाशेजारी तो क्रमांक लिहिला तर कुठल्याही दोन याद्या एका मिनिटात जुळतात. माझ्याकडे आलेल्या यादीत तो क्रमांक होता, पण अर्ध्याच गावांपुढे. रात्री बाराला बुद्रुक-खुर्द वेगळे करत बसलेल्या माणसाला विचारा त्या क्रमांकाचं मोल.

दिवाळीत गावी गेलो तेव्हा पेटी बंद होती. तीन आठवडे झाले होते. केंद्रचालक म्हणजे पंचायतीत दाखले, उतारे काढून देणारी मुलगी नात्याने माझी वहिनी लागते. ती मोबाइल खिडकीच्या गजाला टांगून, त्याच्या हॉटस्पॉटवर एकेक दाखला काढत होती. भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी तालुक्याहून एक तंत्रज्ञ आला, पंचविशीचा पोरगा, पाठीवर यंत्राची बॅग. मी त्याच्यासोबत निघालो.

त्याने पंचायतीतल्या टोकाला ओटीडीआर लावलं. हे यंत्र वायरीतून प्रकाश सोडतं आणि तो जिथून उलटा येतो तिथपर्यंतचं अंतर सांगतं. पडद्यावर आकडा आला : ४.१ किलोमीटर. आम्ही गाडीवरून रस्त्याने बरोबर ४.१ किलोमीटर गेलो. तिथे काहीच नव्हतं. ना उकरलेली माती, ना चेंबर, ना खूण. त्याच्या मोबाइलमध्ये मार्गाचा नकाशा होता. एका पानाचं चित्र, त्यावर तालुक्यापासून गावापर्यंत रस्त्यालगत ओढलेली एक सरळ लाल रेघ. यंत्र वायरीची लांबी सांगतं. वायर मात्र प्रत्येक चेंबरमध्ये वेटोळं करून थोडी जादा ठेवलेली असते, ओढ्यापाशी वळसा घेते, कुठे रस्ता सोडून बांधाने जाते. यातलं काहीही त्या रेघेत नव्हतं. दीड तास आम्ही मागेपुढे फिरलो. शेवटी म्हशी घेऊन चाललेल्या एका म्हाताऱ्या बाबांनी विचारलं, काय हुडकताय? सांगितल्यावर काठीने खाली दाखवत म्हणाले, “ती नळी रस्त्यानं न्हाय गेली. पानवठ्याच्या अंगानं गेलीया. आन् तिथं पाण्याच्या पायपासाठी जेसीबी घातला हुता गेल्या म्हैन्यात.”

तिथेच होती. निळ्या पाइपाच्या कडेला, मातीतून वर आलेलं फाटकं काळं टोक.

तो पोरगा ताडपत्री अंथरून खाली बसला. २४ तारांची केबल. त्याने वरचं आवरण सोललं, आतल्या रंगीत तारा वेगळ्या केल्या. निळी, नारिंगी, हिरवी, तपकिरी, हाच क्रम दोन्ही टोकांना जुळवायचा. एकेक तार स्पिरिटच्या बोळ्याने पुसायची, कटरने टोक सरळ कापायचं, यंत्राच्या खाचेत दोन्ही टोकं समोरासमोर ठेवायची. काचेची तार, जाडी मिलिमीटरचा आठवा भाग, आपल्या केसाहून जरा जाड. झाकण लावलं की आत बारीक ठिणगी होते, काच काचेला चिकटते आणि त्या जोडात किती प्रकाश वाया जातो त्याचा आकडा पडद्यावर येतो. ०.०२ आला की तो मान हलवायचा. एकदा ०.१८ आला, त्याने तोडून पुन्हा केलं. मी म्हटलं, एवढं चालत नाही का? “चालतं दादा. पण पुढच्या गावाला कमी पोचतं,” तो म्हणाला. उन्हं कलेपर्यंत त्याने २४ च्या २४ तारा जोडल्या. दुपारचा डबा त्याने उघडलाच नाही.

परत येताना मी प्रत्येक चेंबरपाशी थांबून मोबाइलवर अक्षांश-रेखांश घेतले. त्या रात्री घरी बसून खऱ्या मार्गाचा नकाशा केला आणि त्याला पाठवला. तो खूश झाला. मग विचारलं, हा वर देता येईल ना? त्याच्याकडे दुरुस्तीची नोंद करायचं अ‍ॅप होतं. त्यात बिघाडाची तारीख होती, वेळ होती, फोटो होता. पण ‘मार्ग चुकीचा दाखवलाय, खरा असा आहे’ असं सांगायला जागाच नव्हती. पुढच्या वेळी जो येईल तो पुन्हा त्याच लाल रेघेवर गाडी घेऊन फिरेल.

खणणाऱ्याने आधी विचारावं यासाठी मार्च २०२३ पासून ‘कॉल बिफोर यू डिग’ नावाचं अ‍ॅप आहे. देशात न विचारता खणण्यामुळे वर्षाला सुमारे १० लाख वेळा फायबर तुटते आणि ३,००० कोटी रुपयांचं नुकसान होतं, असा सरकारचाच अंदाज तेव्हा सांगितला गेला. अ‍ॅप चांगलं आहे. खणायची जागा टाकली की तिथे ज्यांच्या वायरी-नळ्या आहेत त्यांना निरोप जातो. पण निरोप जाणार नकाशावरून, आणि त्या पानवठ्यापाशी नकाशात फायबर नव्हतीच. जेसीबीवाल्याने नियमाने विचारलं असतं तरी त्याला ‘खण’ असंच उत्तर मिळालं असतं. म्हणून मला त्याचा राग आला नाही. पाणी आणणाराही आमच्याच गावासाठी खणत होता.

एका चौदा किलोमीटरच्या रस्त्याचे मालक किती ते पाहिलं म्हणजे समन्वय हा शब्द किती जड आहे ते कळतं. तालुक्यातून निघताना राज्यमार्ग, मग प्रजिमा म्हणजे प्रमुख जिल्हा मार्ग, हे दोन्ही बांधकाम विभागाचे. फाट्यावरून आत वळलं की इजिमा म्हणजे इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग, हे जिल्हा परिषदेचे. मधला दोन किलोमीटरचा तुकडा वनखात्याचा. खांब महावितरणचे. गावात शिरलं की ग्रामपंचायत. प्रत्येकाची परवानगी, प्रत्येकाची अनामत, आणि खणून झाल्यावर प्रत्येकाचा आपापला कागद. २०२२ पासून अशा परवानग्यांसाठी ‘गतिशक्ती संचार’ हे एकच पोर्टल आहे, आणि १ जानेवारी २०२५ पासून दुसऱ्याच्या जागेतून वायर नेण्याच्या हक्काचे, म्हणजे मार्गाधिकाराचे, नवे नियमही लागू झालेत. परवानगीचं एक दार झालं, हे मोठं काम आहे. माझी तळमळ पुढच्या कागदाची आहे. काम झाल्यावर प्रत्यक्षात काय पुरलं, कुठून गेलं, किती खोल, हे त्याच दारातून परत आलं पाहिजे आणि शेवटचं बिल त्या नोंदीशिवाय निघता कामा नये.

घरांच्या बाबतीतही साहित्य तयार आहे. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणं ड्रोनने मोजली गेली. घर अन् घर नकाशावर आलं. त्याच नकाशावर इंटरनेटचा थर चढवला तर ‘गाव जोडलं’ऐवजी ‘गावातली एवढी घरं जोडली’ असं म्हणता येईल. मात्र ती मोजणी गावठाणाची आहे. आमच्या वाड्यांसारखी गावठाणाबाहेरची घरं त्यातही निसटण्याची भीती आहे, तेव्हा ती कुणीतरी पायी जाऊनच नोंदवावी लागतील.

मग आम्ही गेलो. वहिनी, मी आणि बारावीतला माझा पुतण्या. दिवाळीच्या सुट्टीचे उरलेले चार दिवस, पाचही ठिकाणी. प्रत्येक घरापुढे उभं राहून मोबाइलवर वेग मोजायचा. केंद्राच्या दूरसंचार विभागाच्या व्याख्येत ब्रॉडबँड म्हणजे निदान २ एमबीपीएस वेग. आधी ५१२ केबीपीएस होता, २०२३ मध्ये वाढवला. अमेरिकेत तो आकडा १०० आहे. आम्ही २ चाच धरला. वहिनीने शाळेच्या आखीव वहीत रकाने केले : घर, माणसं, शिकणारी मुलं, रेंज कुठे येते, वेग. ‘रेंज कुठे येते’ हा तिने घातलेला रकाना. मला तो सुचला नसता. त्यात लोकांनी सांगितलेलं तिने जसंच्या तसं लिहिलं. ‘आंब्याखाली.’ ‘माळ्यावर, दक्षिणेच्या कौलापाशी.’ ‘कुठेच नाही.’ ‘गोठ्याच्या दारात, संध्याकाळी.’

आत्याकडे पोचलो तेव्हा दुपार झाली होती. तिने ताक दिलं. पुतण्याने मोबाइल घेऊन घरभर चक्कर मारली, पडवीत गेला, परसात गेला. आत्या वहिनीच्या वहीकडे बघत होती.

“माझ्या फुडं काय लिव्हलंस?”

“नाही लिहिलंय आत्या.”

“आसंच लिव्ह. दगुड बी लिव्ह.”

वहिनीने शेजारच्या रकान्यात लिहिलं : ‘सड्यावरचा कातळ, घरापासून पंधरा मिनिटं चढ.’

२६ जानेवारीच्या ग्रामसभेला मी गेलो. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी विषय पत्रिकेवर घेतला होता. वहिनी उभी राहून वही वाचायला लागली आणि सुरुवातीची कुजबुज थांबली. आपलं घर, आपल्या मुलांची संख्या, आपलं आंब्याचं झाड कुणी मोठ्याने वाचतंय हे लोक ऐकत होते. गावठाणातल्या बहुतेक घरांपुढे ‘होय’ होतं. वाड्या आणि धनगरवाडा वाचताना ती सारखं ‘नाही’, ‘नाही’ म्हणत गेली. वही ठरावासोबत जोडून गटविकास अधिकाऱ्यांकडे पाठवायची असं ठरलं, प्रत्येक पानावर गावाचा एलजीडी क्रमांक लिहून. सरपंचांनी ‘ठराव मंजूर’ म्हणायला तोंड उघडलं तेवढ्यात मागून, दाराजवळ बसलेल्या कातकरी वस्तीतली एक बाई उठली. म्हणाली, वढ्याच्या पल्याड आमची अजून तीन घरं हायत, ती तुमी वाचली न्हाईत.

आम्ही वस्तीवर गेलो होतो, पण ओढा ओलांडला नव्हता. वहिनीने माझ्याकडे पाहिलं. मग वही पुन्हा उघडली, पेनाचं टोपण काढलं आणि त्या बाईला पुढे येऊन बसायला सांगितलं.